गुटिकातंत्र

नाशिक, ७ सप्टेंबर

श्री. महेशनाथ भैरव (पूर्वाश्रमीचे मेंटेनन्स इंजिनियर, अंबड) यांस,

नमस्कार लिहीत नाही, कारण तो मनात नाही. तू माझा नंबर ब्लॉक केला आहेस, म्हणून हे कुरियरने. लग्न टिकलं तोवर तुला "अहो" म्हणत होते, आता "तू" म्हणते. घटस्फोटाचा एवढा एक फायदा मी नियमित उपभोगते.

तुझं माहितीपत्रक माझ्या भाचीने, पिंकीने, आणून दाखवलं. निफाडच्या द्राक्षबागेत काश्मीरचं शैव तंत्र, तिबेटचं वज्रयान आणि वर आधुनिक श्वासोपचार! एवढं सगळं एका ताटलीत कालवायचं होतं तर मिसळीचं हॉटेल काढायचंस. नाशकात चाललं असतं.

"तंत्र म्हणजे ऊर्जेचा विस्तार" असं पहिल्याच ओळीत छापलं आहेस. अरे, 'तन्' म्हणजे ताणणं, पसरणं, एवढं कुठल्याही कोशात सापडतं. मागावर ताणलेल्या उभ्या धाग्यांना तंत्र म्हणत. त्यावरून कुठल्याही कामाची नीट लावलेली घडी म्हणजे तंत्र. वैद्याचं तंत्र असे, राजाचंही असे. त्यात ऊर्जा कुठून आली? तू एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या कॉलनीत वाढलास म्हणून तुला तो शब्द प्रिय असेल. पण तुझे वडील, पुंजाबाबा, आयुष्यभर तिथे राखेत राबले आणि त्यांनी ऊर्जेवर कधी प्रवचन दिलं नाही.

पुढे म्हणतोस की तंत्र पाच हजार वर्षं जुनं आहे. हातात असलेले जुने ग्रंथ पाचव्या-सहाव्या शतकाच्या मागे फारसे जात नाहीत. स्मशानात राहणारे शैव साधू, मग देवीचे उपासक, मग थोड्याच काळात बौद्ध. कुणी कुणाकडून काय उचललं यावर विद्वान अजून भांडतात. मुळं आणखी मागे असतील, पण ती कुणाला माहीत नाहीत. "माहीत नाही" हे दोन शब्द मात्र तुला कधी उच्चारता आले नाहीत, तेव्हाही नाही आणि आताही नाही.

आणि परदेशी पाहुण्यांना पांडवलेणीवर नेऊन "तंत्राचा जन्म इथला" म्हणून सांगतोस म्हणे. ती लेणी तंत्राच्या कितीतरी आधीची आहेत. तिथल्या भिंतींवर कोरलं आहे ते लेणं कुणी दिलं आणि भिक्षूंच्या कपड्यालत्त्याची सोय कुणी केली, एवढंच. मी तिथे कॉलेजच्या मुलांना घेऊन जायची तेव्हा तू खाली गाडीत झोपायचास.

हे सगळं मी हसून सोडलं असतं. लोकांना फसायचं असतं, त्यांनी फसावं. पण आपली लेक दिशा तुझ्याकडे आहे, आणि ती फिटच्या गोळ्या घेत नाही असं तुझ्या आईकडून कळलं. हो, तुझी आई अजून माझ्याकडेच राहते. तुझ्या शिबिरात फोन जमा करण्याआधी दिशाने आजीला सांगितलं, "आजी, आता गोळ्यांची गरज नाही, शरीर शुद्ध होतंय."

मुलगी चोवीस वर्षांची आहे. तिला दंडाला धरून आणता येत नाही हे मलाही कळतं. पण तू तिचा बाप आहेस आणि आता गुरूही झाला आहेस. तिला सांग, गोळी घे. त्या गोळ्यांवर ती कॉलेज शिकली, नोकरीला लागली, स्कूटर चालवायला लागली. त्या अचानक बंद केल्या तर काय होतं हे डॉक्टरांनी आपल्या दोघांना समोर बसवून सांगितलं होतं. तेव्हा तू जागा होतास.

उज्वला


नाशिक, १६ सप्टेंबर

महेश,

रील पाहिली.

तुझा तो कॅमेरेवाला कुंदन फार मन लावून काम करतो, असं दिसतं. मागे तानपुरा, पुढे मेणबत्त्या, वर तिबेटी चित्र लटकवलेलं आणि खाली अक्षरं: "साधिकेत शक्ती जागृत होताना." जमलेले लोक हात जोडून "जय माँ, जय माँ" म्हणतात आणि मध्ये चटईवर माझी मुलगी आहे.

आधी उजवा हात मनगटातून वळला. मग मान डावीकडे गेली. मग सगळं अंग. शाळेच्या प्रयोगशाळेत पहिल्यांदा झालं तेव्हापासून हाच क्रम आहे, महेश. हा क्रम तुला ठाऊक आहे. दर वेळी तिचं डोकं मांडीवर घेणारा तूच होतास, मी घड्याळात मिनिटं मोजायची. आणि या वेळी तू काय केलंस? आशीर्वादाचा हात वर धरून उभा राहिलास. तू बाप आहेस की प्रेक्षक?

तुझ्या आईला मी दाखवणार नव्हते, पण पिंकीचा आवाज ऐकून त्या आल्याच. त्यांनी चष्मा लावून पाहिलं. म्हणाल्या, "उज्वला, मी वणीला गडावर लय बाया पाह्यल्या अंगात येताना. केस सोडत्यात, घुमत्यात, आरडत्यात. पण कोणाची जीभ चावल्या जात नाय. माह्या नातीच्या तोंडातून रगत येतंय, दिसत नाय का त्याला?" चष्मा काढून ठेवला. मग म्हणाल्या, "देवानं त्याला वाचा दिली, अक्कल द्यायची राह्यली."

श्वासाचा भाता जोरजोरात चालवल्याने फिट येऊ शकते. त्यात गोळ्या बंद. हे तंत्र नाही, शक्तिपात नाही, वज्रयान तर नाहीच. हा निष्काळजीपणा आहे, आणि तू त्याला संगीत लावलंस.

हे मिळताच रील काढ. उद्या मी निफाडला येते आहे.

उज्वला


नाशिक, २३ सप्टेंबर

महेश,

काल घट बसले. तुझ्या आईने नेहमीप्रमाणे परडीत माती घातली, धान्य पेरलं, वर कलश ठेवला आणि पहिली माळ बांधली. माझे हात त्यांच्या मदतीला होते, लक्ष कुठेच नव्हतं.

मी निफाडला आले तेव्हा तू मौनात होतास. सोयीचं मौन! दाराशी मला एका मुलीने सांगितलं, "आचार्यजी आज कोणाला भेटत नाहीत, मॅम." निदान दिशाला बाहेर सोडलंत. द्राक्षांच्या मांडवाखाली आम्ही बसलो. बारीक झाली आहे. जिभेची जखम भरत आली होती.

मी समजावलं, ओरडले, शेवटी रडलेसुद्धा. ती शांत होती. इतकी शांत की तिचे कान उपटावेसे वाटले. ती म्हणाली, "आई, तुझ्याकडे मी दहा वर्षं पेशंट होते. पोहायला जाऊ नको, जागू नको, बाथरूमला कडी लावू नको. इथे मला कुणी तसं बघत नाही. इथे मी पडले तर लोक पाया पडतात."

मी तिच्या खांद्यावर पडलेलं द्राक्षाचं पान उचललं आणि उठले.

घरी आले तर तुझं उत्तर येऊन पडलं होतं. चार पानं! अक्षर अजून तसंच, कोंबडीने माती उकरावी तसं. तू लिहितोस, शक्ती उतरल्याची लक्षणं शास्त्रातच दिली आहेत: आनंद, उसळी, कंप, निद्रा, घेरी. मला धक्का बसला, कारण हे बरोबर आहे. कंप खरोखरच त्यात आहे. तुला हे कुठून मिळालं याचा विचार केला आणि मग कपाट उघडून पाहिलं. घर सोडताना तू माझी पुस्तकं नेलीस! भांडी सोडलीस, आई सोडलीस आणि पुस्तकं नेलीस.

पण ते वाक्य ज्याने लिहिलं त्याच्यासमोर फिट येणारा माणूस बसला असता तर त्याने दोन्हींतला फरक ओळखला असता. हे लोक नाडी बघणारे होते, पारा घोटणारे होते. तू ओळी पाठ केल्यास, डोळे उसने आणता येत नाहीत.

पुढे मला वसिष्ठाची उपमा देतोस. वसिष्ठाने तारादेवीची हजारो वर्षं शास्त्रशुद्ध उपासना केली, देवी प्रसन्न होईना, तो चिडून शाप द्यायला निघाला. देवी म्हणाली, महाचीनात जा, तिथे बुद्ध आहे, तो शिकवील. वसिष्ठ गेला तर बुद्ध मद्य पिऊन बायकांच्या घोळक्यात बसलेला. वसिष्ठाने नाक मुरडलं. मग त्याला कळलं की आपलं नाकच आडवं येत होतं. ही गोष्ट तुला मीच सांगितली होती, वणीच्या रस्त्यावर, तुझ्या मागे स्कूटरवर बसून. हिंदूंची तारा आणि बौद्धांची तारा यांचं नातं किती जुनं, हे सांगायला म्हणून सांगितली होती. तू तीत स्वतःला बुद्ध करून बसलास. धन्य आहे.

आता शेवटच्या पानाबद्दल. त्यावरचं अक्षर वेगळं आहे, घाईचं. तू लिहितोस की रील काढली. फिट आली तेव्हा तू घाबरलास आणि रात्री तिच्या खोलीत जाऊन म्हणालास, "दिशू, गोळ्या सुरू कर." त्यावर ती म्हणाली, "बाबा, मग ती शक्ती नव्हती का? सगळ्यांसमोर तुम्ही खोटं बोललात का?" आणि तू म्हणालास, "नाही, शक्तीच होती."

वाचून मी पान खाली ठेवलं आणि तुला मोठ्याने शिव्या दिल्या. तुझी आई देवघरातून म्हणाली, "दे, आजून दे."

म्हणजे आता अशी स्थिती आहे. डॉक्टरचं ती ऐकणार नाही. माझं ऐकणार नाही. तुझं ऐकेल, पण तू खरं बोललास तर तू तिचा गुरू राहणार नाहीस, आणि खोटं बोललास तर ती मरेल. आणि तू मला विचारतोस, "काय करू?" दुकान तुझं आणि किल्ली माझ्याकडे मागतोस!

तीन दिवस दे. तोवर तिला श्वासाच्या खोलीत पाऊल टाकू देऊ नकोस. देवीची आज्ञा आहे म्हण, काहीही म्हण. त्यात तू पटाईत आहेस.

उज्वला


नाशिक, २६ सप्टेंबर

महेश,

सोबतची पानं नीट वाच. संस्कृत श्लोक वरती आहेत, खाली मराठी अर्थ आहे, कारण तुझं संस्कृत मला माहीत आहे. उच्चार पिंकीच्या फोनवरून पाठवले आहेत, ते कुंदनच्या फोनवर ऐक. आधी घोटून पाठ कर. अडखळलास तर सगळं पाण्यात जाईल.

हे मी लिहिलं आहे. अनुष्टुभ छंदात. इतक्या वर्षांच्या नोकरीत मी दुसऱ्यांच्या श्लोकांचे अर्थ सांगितले, स्वतः एकही रचला नव्हता. लाज वाटायला हवी होती. वाटली नाही. खरं सांगायचं तर मजा आली, आणि त्या मजेचा मला राग आला.

अर्थ असा:

देवी म्हणाली, "हे भैरवा, शक्ती उठली आणि देहाला पेलली नाही, साधक जमिनीवर कोसळला, तर काय करावं?"

भैरव म्हणाला, "देवी, चांगला प्रश्न विचारलास. देह हा घट आहे. कच्च्या घटात भरलेलं पाणी घटालाही नेतं आणि स्वतःही जातं. म्हणून शक्ती उठल्यावर घट भाजून घ्यावा. त्यासाठी सिद्धांनी गुटिका सांगितली आहे. ती वैद्याकडून घ्यावी, कारण वैद्य हे माझंच रूप आहे. गुरूने ती मंत्राने भारून द्यावी. सूर्य उगवल्यावर एक आणि मावळल्यावर एक, पाण्याबरोबर घ्यावी. जो गुटिका चुकवतो त्याची शक्ती त्याच्यावर उलटते. गुटिका घेणाऱ्याने श्वासाचा भाता चालवू नये, उपास करू नये, रात्री जागू नये. हे व्रत किती काळ? देवी, वैद्य सांगेल तितका काळ."

तुझ्या ढोंगाला मी हातभार लावते आहे, पण खोटा नाही, याची नोंद घे. गोळी भारून प्रसाद म्हणून देण्याची रीत तिबेटात खरोखर आहे. बौद्धांकडे औषधाचा बुद्ध आहे, निळ्या रंगाचा. आपल्याकडचे सिद्ध गुटिका करत. आणि मत्स्येंद्रनाथ, ज्यांच्या परंपरेचं नाव तू आपल्या नावाला चिकटवलं आहेस, ते बौद्ध सिद्धांच्याही यादीत आहेत. त्यामुळे तुझ्या मिसळीत हे खपून जाईल. तिला "ती शक्ती नव्हती" असं सांगू नकोस. "शक्ती होती, म्हणूनच आता गुटिका" असं सांग. वैद्य म्हणजे तिचे तेच डॉक्टर. गोळ्या पुन्हा कशा सुरू करायच्या ते मी त्यांना विचारून आले आहे, वेगळ्या कागदावर दिलं आहे. त्यातला एक शब्दही बदलायचा तुला अधिकार नाही, भैरव असलास तरी.

लिहिताना एक विचार आला, तो तुला सांगण्यात अर्थ नाही, पण दुसरं ऐकणारं कुणी नाही. हे सगळे ग्रंथ असेच सुरू होतात. देवी विचारते, शिव सांगतो. बौद्धांचे असतील तर बुद्ध सांगतो. लिहिणाऱ्याचं नाव कुठेच नसतं. मी वर्गात सांगायची, ही प्रामाण्य मिळवायची युक्ती आहे, मानवी लेखकाला कोण विचारणार? मुलं लिहून घ्यायची. काल रात्री वाटलं, त्यांतल्या एखाद्या तरी लेखकाच्या घरात कुणीतरी पडत असेल, आणि त्याचं ऐकत नसेल. म्हणून त्याने शिवाला बोलायला लावलं असेल.

याला पुरावा काही नाही. परीक्षेत लिहिलं असतं तर मी गुण कापले असते.

उज्वला


नाशिक, ९ ऑक्टोबर

महेश,

तुझी चिठ्ठी मिळाली. कोजागिरीला तिला दीक्षा दिलीस आणि तेव्हापासून ती गोळी घेते आहे, हे वाचलं. तीनदा वाचलं.

तू लिहितोस, श्लोक म्हणताना तुझ्या अंगावर काटा आला. तो येणारच, कारण आयुष्यात पहिल्यांदा तू काहीतरी शुद्ध उच्चारलंस. पुढे लिहितोस की बाकीच्या साधकांनीही गुटिका मागितली. खबरदार! कुणाला खडीसाखरसुद्धा देऊ नकोस. आणि कुणी स्वतःच्या गोळ्या बंद करून तुझ्याकडे आलं असेल तर त्याला त्याच्या डॉक्टरकडे पाठव. श्लोकात सोय करून ठेवली आहे, वैद्य हे माझंच रूप. वापर ती.

तुझ्या आईला मी एवढंच सांगितलं की पोरगी गोळी घेते. त्या म्हणाल्या, "त्याचं ऐकलं व्हय तिनं? बापाचंच ऐकती ती पहिल्यापासून." आणि घटातलं उगवलेलं धान, जे दसऱ्यापासून देवघरात जपून ठेवलं होतं, ते माझ्या केसांत खोवलं. मला ते आवडत नाही, पण काढलं नाही.

उज्वला


नाशिक, २६ ऑक्टोबर

महेश,

दिशा दिवाळीला येऊन गेली. तू पाठवलंस, त्याबद्दल आभार मानायचे की नाही ते ठरत नाही, म्हणून विषय सोडते.

चांगली होती. फिट नाही. आजीबरोबर अनारसे तळले, पिंकीबरोबर फुलबाजारात जाऊन झेंडू आणला, घासाघीस करून. सकाळी आंघोळ झाली की देवघरात बसायची, गोळी तळहातावर घ्यायची, डोळे मिटायची, ओठ हलायचे. मग पाणी. मी स्वयंपाकघरातून पाहत होते. ओठांच्या हालचालीवरून मला चरण कळत होता. तिसऱ्या श्लोकात ती दरवेळी एक अक्षर गाळते. छंद मोडतो. चूक तुझीच असणार, तिने ऐकलं तसं उचललं.

भाऊबीजेच्या दिवशी मी भाजी निवडत होते. ती शेजारी येऊन बसली. म्हणाली, "आई, बाबांनी मला एक पाठ दिलाय. खूप जुना आहे, हजार-बाराशे वर्षांपूर्वीचा. एका सिद्धाचा. मी तुला तो सांगू शकत नाही, सॉरी. पण तो ऐकला ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की माझ्या आजाराबद्दल कुणालातरी कळलंय. मला रागावून नाही, घाबरून नाही. नुसतं कळलंय."

मी मेथीच्या काड्या मोडत राहिले.

ती म्हणाली, "तू इतकी वर्षं हे सगळं शिकवलंस. तुला कधी असं काही सापडलं का गं त्यात?"

महेश, मी तोंड उघडलं होतं. श्लोक जिभेवर होता, न मोडलेल्या छंदासकट. म्हटला असता तर तिने मला ओळखलं असतं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी देवघरात बसून तळहातावरच्या गोळीकडे पाहिलं असतं तेव्हा तिला ती नुसती गोळीच दिसली असती.

मी म्हणाले, "नाही गं. मला पुस्तकातलं तेवढंच कळतं."

तिने माझ्या खांद्यावर डोकं ठेवलं. दया आल्यासारखं. म्हणाली, "असू दे."

सोबत पुढच्या महिन्याच्या गोळ्या पाठवते आहे. संपण्याआधी कळव, दुकानदार कधी कधी दुसऱ्याच कंपनीच्या देतो, त्या चालत नाहीत. आणि तिसऱ्या श्लोकात "घटः" नंतर एक अक्षर आहे, ते तिला नीट म्हणायला शिकव. कुणी सांगितलं विचारलं तर गुरूंनी सांगितलं म्हण. माझं नाव काढू नकोस.

उज्वला